प्रवचन संपल्यावर

(बोदलकसा येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते शाळेत चित्रकला शिकवत. म्हणून आयोजकांनी मला एवढेच सांगितले, की चित्रांवर बोला, बाकी विषय तुमचा. मी कळवलेला विषय वाचून त्यांच्यातल्या एकदोघांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. धानाच्या मुलखात, तिरोडा तालुक्यात, एका फ्रेंच चित्रकाराने काढलेला बायबलातला प्रसंग कशाला? जरा दम धरा. हा प्रसंग फिरत फिरत तिरोड्याच्या स्टेशनापर्यंत येणार आहे.

फळ्यावर त्या चित्राची छापील प्रत लावली आहे. मूळ चित्र तेलरंगातले, जेमतेम तीन फूट रुंद, आणि १९२५ सालापासून स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मागच्यांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. चित्राच्या खालच्या अंगाला आणि डावीकडे बायका आहेत. डोक्यावर पांढऱ्याशुभ्र, मोठाल्या टोप्या. काही पाठमोऱ्या, काहींचे डोळे मिटलेले, एकदोघींचे हात जोडलेले. उजव्या कोपऱ्यात पाद्री, त्याचा नुसता चेहरा. मधून सफरचंदाच्या झाडाचे खोड तिरपे गेले आहे. चित्राचे त्याने सरळ दोन तुकडे केले आहेत. खोडाच्या पलीकडे दोन जण कुस्ती खेळताहेत. एकाचे कपडे गडद निळे आणि पाठीला पिवळेधमक पंख, दुसरा बाटलीच्या काचेसारखा हिरवा. डावीकडे एक गाय, नको इतकी लहान. आणि या सगळ्यांच्या पायाखालची जमीन लाल. गवताचा हिरवा नाही, मातीचा तपकिरी नाही, शेंदरी लाल. फाल्गुनात नागझिऱ्याच्या वाटेला पळस पेटतो, तो रंग कुणी आख्ख्या बांधीत सारवून टाकला आहे असे वाटते.

चित्राचे नाव ‘प्रवचनानंतरचा साक्षात्कार’. चित्रकार पॉल गोगँ, साल १८८८.

कुस्तीची गोष्ट बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायात आहे. याकोबाने थोरल्या भावाचा आशीर्वाद आंधळ्या बापाला फसवून लाटला होता. भावाच्या भीतीने तो मामाकडे पळाला, तिथे वीस वर्षे राबला, आणि आता बायका, मुले, नोकरचाकर, गुरेमेंढरे असा सगळा पसारा घेऊन परत निघाला आहे. पुढून निरोप आला, की भाऊ चारशे माणसे घेऊन येतोय. याकोब बायकामुलांना रात्रीच याब्बोक नदीपार करून देतो आणि स्वतः एकटा मागे राहतो. अंधारात कोणी एक पुरुष त्याच्याशी झोंबतो. पहाट होत आली तरी दोघांतला कुणी हटत नाही. शेवटी तो अनोळखी माणूस याकोबाच्या मांडीच्या सांध्याला नुसता हात लावतो आणि सांधा निखळतो. तरी याकोब पकड सोडत नाही; आधी आशीर्वाद दे, मग जा, म्हणतो. आशीर्वाद मिळतो, इस्राएल हे नवे नाव मिळते, आणि उजाडताना तो लंगडत चालू लागतो. पहिला आशीर्वाद चोरून मिळवला होता, दुसऱ्याची किंमत अशी मोजावी लागली. भाऊबंदकी, रात्रीची नदी, मामाचे घर: यात आपल्याला परके असे फारसे काही नाही.

मूळ कथेत पंखांचा उल्लेख नाही. तिथे नुसता ‘पुरुष’ आहे. देवदूताचे पंख चित्रकारांनी लावले. रेम्ब्राँने ही झुंज रंगवली. देलाक्रुआने पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमध्ये ती भिंतभर रंगवली, १८६१ साली पुरी केली: प्रचंड झाडे, लांबवर चाललेले कळप, जमिनीवर टाकून दिलेली शस्त्रे. तिथे प्रसंग घडतो आहे आणि आपण समोर उभे राहून तो पाहतो आहोत. धार्मिक चित्र म्हणजे हेच, असे शतकानुशतके धरून चालले होते.

गोगँने प्रसंग मागे सरकवला आणि तो ऐकणाऱ्या बायकांना पुढे बसवले. या बायका फ्रान्सच्या पश्चिम टोकाला असलेल्या ब्रिटनी प्रांतातल्या, पाँ-आव्हेन या गावच्या. रविवारी चर्चमध्ये पाद्र्याने याकोबाची गोष्ट सांगितली. त्या बाहेर आल्या, आणि ऐकलेले त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. गोगँने व्हॅन गॉगला पत्रात हे चित्र समजावून सांगितले आहे. त्याचे म्हणणे असे, की ही झुंज आणि ही जमीन फक्त त्या प्रार्थना करणाऱ्यांच्या मनात आहे; म्हणून बायका खऱ्या मापाच्या आणि पलीकडचे सगळे मापाबाहेरचे. गाय लहान का आणि माती लाल का, याचे उत्तर एवढ्यात आले. मनातल्या गाईला फूटपट्टी लागत नाही.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. ब्रिटनीत एक गावठी कुस्ती खेळतात. तिचे नाव गुरेन. जत्रांना, सणावारी आखाडा भरायचा. त्या बायकांनी लहानपणापासून ती बघितलेली. मग याकोब देवदूताशी झोंबला हे ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढे दुसरे काय येणार? त्यांच्या गावचा आखाडाच येणार. दिवाळीनंतरच्या मंडईत ज्यांनी रात्र रात्र दंडार बघितली आहे, त्यांना हे मी सांगायला नको. तिथला राजा कोणत्या देशीचा असेना, बोलतो आपल्याच बोलीत.

गोगँविषयी थोडे. तो तेव्हा चाळिशीचा. आधी पॅरिसच्या शेअरबाजारात दलाल होता, चांगले कमावत होता. बाजार कोसळल्यावर पस्तिशीत नोकरी सोडून पूर्णवेळ चित्रकार झाला आणि बायको व पाच मुलांचा संसार विस्कटला. ब्रिटनीत आला तो राहणे-खाणे स्वस्त म्हणून, आणि शहरापासून लांब काहीतरी आदिम, कोरे सापडेल या आशेने. पुढे तीच आशा त्याला ताहिती बेटावर घेऊन गेली. तिथल्या कोवळ्या मुलींशी तो जसा वागला ते आज वाचवत नाही, आणि ते विसरून त्याची चित्रे बघा असे मी कोणाला सांगणार नाही.

या चित्राच्या काळात पॅरिसमध्ये प्रतीकवादाचे वारे होते. कवी झाँ मोरेआसने १८८६ साली वर्तमानपत्रात त्याचा जाहीरनामाच छापला. डोळ्यांना दिसते ते हुबेहूब उतरवणे हे कलेचे काम नव्हे, दिसणाऱ्याच्या आडून न दिसणारे सुचवायचे, असा एकूण सूर. अल्बेर ओरिए नावाच्या तरुण समीक्षकाने १८९१ मध्ये चित्रकलेतल्या प्रतीकवादावर मोठा लेख लिहिला. त्याची सुरुवात याच चित्राच्या वर्णनाने होते. पण प्रतीकवादी म्हणवणारे सगळे एका माळेचे मणी नव्हते. गुस्ताव मोरोचे ‘द अ‍ॅपरिशन’ हे जलरंगातले चित्र १८७६ चे. त्यात बायबलातल्या योहानाचे कापलेले मस्तक हवेत तरंगते आहे, रक्त ठिबकते आहे, आणि नाचणारी सालोमे त्याच्याकडे हात रोखून उभी आहे. मोरोने खांबांवर, कमानींवर, तिच्या अंगावर इतके जडजवाहीर चढवले आहे, की दृष्टी आधी दागिन्यांतच अडकते. साक्षात्कार व्हायला राजवाडाच लागतो, अशी त्या चित्राची समजूत दिसते. गोगँला कुरण पुरले.

चित्र वाळल्यावर गोगँला वाटले, हे त्या बायकांच्याच चर्चमध्ये लागावे. तो आणि त्याचे मित्र चित्र उचलून जवळच्या निझाँ गावच्या चर्चमध्ये घेऊन गेले, फुकट द्यायला. तिथला पाद्री बिचकला. ही पॅरिसच्या पोरांची काहीतरी थट्टा आहे असे त्याला वाटले आणि त्याने चित्र घेतले नाही. १८९१ मध्ये ताहितीच्या प्रवासाचे पैसे उभे करायला गोगँने आपली चित्रे लिलावात काढली, त्यात हे ९०० फ्रँकला गेले. ज्या बायका चित्रात आहेत त्यांनी ते कधी नीट पाहिले का, हा प्रश्न मला अजून छळतो. पाद्र्याला मात्र मी मूर्ख म्हणणार नाही. त्याने बरोबर ओळखले होते, की चित्रात गोष्टीपेक्षा ऐकणाराचे मन मोठे झाले आहे. पोथी सांगणाराला ही अडचण सगळीकडे येते.

आता तिरोड्याचे स्टेशन. नागपूरहून राजनांदगावकडे जाणारा लोहमार्ग इथूनच, गोंदियावरून जातो. १८९३ च्या सुमारास या मार्गाने एक तरुण मराठी कवी नोकरीसाठी राजनांदगावला निघाला होता. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला. कवितेवर, धर्मावर गप्पा झाल्या. उतरताना त्या गृहस्थाने त्याला नवा करार दिला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असेही सांगून गेला. कवीने ते पुस्तक हाती घेतले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी तो अडकला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्याचा बाप्तिस्मा झाला. हे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त या सगळ्या उलथापालथीचे जे सांगितले आहे ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी माझे व्याख्यान सोडून ते वाचले तरी चालेल. नवऱ्याचा साक्षात्कार बायकोच्या वाट्याला कसा येतो, हे तिथे कळते.

टिळकांनी ख्रिस्त मराठीत आणला तो अभंग आणि कीर्तनातून. हातात टाळ, पुढे श्रोते, आणि आख्यान बायबलाचे. ही वाट त्यांच्याही आधीची आहे: फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, आणि त्याने बायबलाची कथा ओवीत रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोलला छापले गेले. म्हणजे आपल्याकडे शब्दांत हे काम तीनशे वर्षे चालू होते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला, ‘देवाचा दरबार’ काढला. (त्याच साली तुमचा हा बोदलकशाचा तलाव बांधून झाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण तलावाच्या गावी आलो तर त्याचे वय सांगितल्याशिवाय राहवत नाही.) १९१९ मध्ये ते गेले. त्यांचे इंग्रजी चरित्र १९२३ साली जॅक विन्स्लो या इंग्रज पाद्र्याने लिहिले.

या विन्स्लोने ‘ख्रिस्त प्रेम सेवा संघ’ हा आश्रम काढला. आश्रम पुढे पुण्यात शिवाजीनगरला स्थिरावला. गोरे पाद्री तिथे खादी घालून, जमिनीवर बसून जेवत. पुढे आदिवासींचा अभ्यासक झालेला व्हेरिअर एल्विन भारतात आला तो १९२७ मध्ये याच आश्रमात, आणि इथूनच शामराव हिवाळ्यांना सोबत घेऊन मैकलच्या डोंगरात गोंडांमध्ये राहायला गेला. आणि याच आश्रमात गोव्याचा एक कॅथलिक चित्रकार येऊन राहिला. आश्रम अँग्लिकन, चित्रकार कॅथलिक. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्याचे नाव आंजेलो द फोन्सेका.

फोन्सेकांचा जन्म १९०२ चा, गोव्यातल्या सांत इस्तेव्ह बेटावरचा. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकायला गेले, तिथली युरोपीय वळणाची शिकवण रुचली नाही, म्हणून शांतिनिकेतन गाठले. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली ते तयार झाले. तिथली मुख्य पद्धत वॉशची. कागदावर जलरंग लावायचा, वाळू द्यायचा, कागद पाण्यात बुडवायचा, वर पुन्हा पातळ रंगाचा हात फिरवायचा. असे पुन्हा पुन्हा. रंग कागदात मुरतो, कडा विरघळतात, चित्रावर धुके आल्यासारखे होते. अवनींद्रनाथांना हे सुचले १९०३ मध्ये कलकत्त्याला आलेल्या जपानी चित्रकारांचे, योकोयामा ताइकान आणि त्याच्या मित्राचे काम बघून. गंमत बघा. गोगँच्या चित्रातले ते तिरपे खोड आणि कुस्तीचे पवित्रे जपानी ठशांवरून सुचलेले, होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या. एकाने जपानकडून धारदार कडा उचलल्या, दुसऱ्यांनी विरघळलेल्या.

गोव्यात परतून फोन्सेकांनी मरिया रंगवली ती साडीत, कपाळावर कुंकू, मांडी घालून बसलेली. गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीत चर्चशी संबंधित लोक खवळले. देवाची आई हिंदू बाईसारखी? त्यांच्या चर्चमधली मरिया गोरी, निळ्या झग्यातली, युरोपातून आलेल्या मूर्तीवर बेतलेली. ती पॅलेस्टाइनच्या ज्यू सुताराची बायको कितपत वाटत होती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. विरोध इतका झाला, की फोन्सेका गोवा सोडून पुण्याला आले आणि जवळजवळ जन्मभर तिथेच राहिले. मुंबईला फादर हेरास या जेझुइट इतिहासकाराने त्यांना पाठबळ दिले. १९५१ मध्ये आयव्ही यांच्याशी लग्न झाले, आणि मग त्यांच्या मरियेच्या चेहऱ्यात आयव्हीबाई डोकावू लागल्या. २८ डिसेंबर १९६७ ला पुण्यात फोन्सेका वारले. त्याच्या दोनच वर्षे आधी व्हॅटिकनची दुसरी महासभा संपली होती. ज्या त्या देशाच्या रीतीभातींना चर्चची दारे तिने उघडली. फोन्सेकांना हे सगळे तीस वर्षे आधीच कळले होते, पण त्याचे श्रेय कोणी घरी आणून दिले नाही.

तर नकार गोगँ आणि फोन्सेका दोघांनाही मिळाला. इथे माझे मत सांगतो, पटत नसेल तर भांडा. चित्र म्हणून गोगँचे चित्र फार पुढचे आहे. त्या लाल रंगाचे धाडस फोन्सेकांच्यात नाही. त्यांची चित्रे कधी कधी गोडसर होतात, एकीसारखी दुसरी होते, धुक्यात हाडे हरवतात. पण गोगँ त्या बायकांच्या पाठीमागे उभा आहे. त्यांचा साक्षात्कार त्याला दिसतो, होत नाही. त्यांच्या श्रद्धेकडे तो कुतूहलाने, थोड्या हेव्याने बघतो, आणि चित्र झाले की गाव सोडतो. फोन्सेका मागे उभे नाहीत. ते ऐकणारांच्यातच बसले आहेत. त्यांच्या चित्रात ऐकणारी बाई वेगळी दाखवावी लागत नाही, कारण गोष्ट आधीच तिच्या घरात येऊन पोचली आहे. देवदूत आला तर तो अशा अंगणात येतो, की जिथे चपला बाहेर काढाव्या लागतील. टिळक कीर्तनाला उभे राहत, स्टीफन्स ओवी रचत, त्याच रांगेतले हे काम. गोगँ एक चित्र नाकारले गेल्यावर पुढच्या वाटेला लागला. फोन्सेका नकारानंतर पस्तीस वर्षे तेच रंगवत राहिले. मला दुसरे धाडस जास्त अवघड वाटते.

एवढे बोलून थांबलो तर तुम्ही टाळ्या वाजवाल आणि मी सुटेन. पण एक गोष्ट खटकते, ती सांगितली पाहिजे. मी पाहिलेल्या चित्रांत फोन्सेकांची मरिया सोज्वळ आहे, घरंदाज आहे. तिच्या पायाला चिखल क्वचितच लागलेला असतो. भारतीय करायचे म्हणजे कोणत्या भारतातले? अहमदनगरकडे ख्रिस्ती झालेली बहुतेक माणसे महार-मांग वस्त्यांतली होती, आणि त्यांच्यापुढे जो देशी ख्रिस्त आला तो बहुधा ब्राह्मणी सोवळ्यातला. टिळकांचे कीर्तन रसाळ होते, पण कीर्तन ऐकायला देवळाच्या पायरीवर कोणाला बसू दिले जात होते, हे इथे बसलेल्यांना वेगळे सांगायला नको. बायबलातली मरिया गरीब घरची, बाळ गोठ्यात ठेवणारी. आषाढ-श्रावणात गुडघाभर पाण्यात वाकून रोवणी करणारी बाई तिच्या जास्त जवळची आहे, असे मला वाटते. गोगँने निदान कष्टकरी बायकाच रंगवल्या, बाहेरून का होईना. फोन्सेकांनी आतून रंगवले, पण आत म्हणजे कुठल्या वाड्याच्या आत, हे विचारावे लागते. सालिगावच्या फ्रान्सिस न्यूटन सूझाने पुढे १९५९ मध्ये क्रूसावरचा ख्रिस्त काळा, काटेरी, भीतिदायक रंगवला. तो आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यात सोज्वळपणाचा मागमूस नाही. पण तो एकट्या सूझाचा राग आहे. रोवणीवालीचा नाही.

फोन्सेकांची बरीच चित्रे आयव्हीबाईंनी २००६ मध्ये गोव्यातल्या पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राला दिली. गोव्याला जाणारे समुद्रावर जातातच. पर्वरी पणजीच्या पलीकडेच, मांडवी ओलांडली की लागते. जाऊन या, आणि माझे म्हणणे तपासून बघा.

उद्या सकाळी इथल्या शाळेत मुलांबरोबर माझे दोन तास ठेवले आहेत. मी त्यांना याकोबाची गोष्ट सांगणार आहे, नदीसकट, लंगडण्यासकट, आणि मग कागद वाटणार आहे. चित्र मात्र दाखवणार नाही. म्हणून पालकांना विनंती, की आज रात्री घरी गेल्यावर लाल जमिनीचे आणि पिवळ्या पंखांचे पोरांपाशी काही बोलू नका. आज जी पोरे इथे पुढच्या सतरंजीवर बसून सगळे बघत होती, त्यांचे काय करायचे ते उद्या वर्गात ठरवू.